डॉक्टर विचारतात : काय काय घेतले?



आपल्या बेटावर बहुतेक घरांत कपाटावर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा असतो. त्यात बिस्किटे नसतात, गोळ्या असतात. काही फार्मासीतून आणलेल्या, काही इस्पितळातून मिळालेल्या आणि उरलेल्या, काही फ्रान्सहून आलेल्या पुतण्याने दिलेल्या, तर काही इंग्लंडची भाची जाताना ठेवून गेलेल्या. कुणाचे डोके दुखले, कुणाची कंबर धरली, की घरची मोठी बाई डबा उतरवते आणि म्हणते, "ही घे, बरे वाटेल." बहुतेक वेळा बरे वाटतेही.

आज या डब्याविषयी आणि आपल्या यकृताविषयी लिहावयाचे आहे. निमित्त आमच्याच घरचे आहे.

माझे मामा ब्लॅक रिव्हरच्या बाजूला राहतात. वय ६८, अंगाने किरकोळ, वजन जेमतेम ५० किलो. गेल्या वर्षी गणेशचतुर्थीच्या आदल्या आठवड्यात त्यांची दाढ दुखू लागली. मंडळाच्या मखराचे काम त्यांच्याकडे असल्यामुळे दाताच्या डॉक्टरकडे जाणे त्यांनी सणानंतरवर ढकलले. चावता येईना म्हणून जेवण जवळजवळ बंद झाले. चहा आणि पेज यांवर दिवस काढले. दुखणे थांबावे म्हणून गोळ्या घेत होते. चौथ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या. मामींना वाटले, उपाशीपोटी पित्त झाले असेल. पाचव्या दिवशी सकाळी मामेभावाने पाहिले तर वडिलांचे डोळे पिवळे. मग मात्र त्याने कुणाचे ऐकले नाही, गाडी काढली आणि त्यांना सरळ इस्पितळात नेले.

तेथे तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारले, "कोणती औषधे घेतलीत?" मामी म्हणाल्या, "काही नाही हो, औषध असे काहीच नाही." थोड्या वेळाने दुसऱ्या डॉक्टरांनी तेच विचारले. मामी म्हणाल्या, "दाढ दुखत होती, तेवढ्यापुरत्या दुखण्याच्या गोळ्या." तिसऱ्यांदा परिचारिकेने विचारले, तेव्हा मामी जरा रागावल्याच. पण ती बाई शहाणी होती. ती शांतपणे म्हणाली, "मामी, घरात जे काही आहे ते सगळे पिशवीत घालून आणायला सांगा." मामेभाऊ घरी गेला आणि तो बिस्किटांचा डबाच उचलून घेऊन आला.

डबा उघडल्यावर हिशेब निघाला. मामा सकाळ, दुपार, संध्याकाळ एका पाकिटातील ५०० मिलिग्रॅमच्या दोन दोन गोळ्या घेत होते. त्यांनी भागत नव्हते म्हणून मध्ये मध्ये दुसऱ्या पाकिटातील १००० मिलिग्रॅमची एक एक गोळी, दिवसातून तीन वेळा. रात्री झोप यावी म्हणून सर्दीची पूड गरम पाण्यातून, दोन पुड्या; प्रत्येकीत ५०० मिलिग्रॅम. तिन्हींची नावे वेगळी, रंग वेगळे, देशही वेगळे. पण आतले औषध एकच होते : पॅरासिटामोल. दिवसाला ७ ग्रॅम झाले, तेही चार दिवस, उपाशीपोटी आणि ५० किलोच्या देहाला.

मामी खोटे बोलल्या नव्हत्या. आपल्या बोलण्यात औषध म्हणजे डॉक्टरने लिहून दिलेले. दुखण्याची गोळी, सर्दीची पूड, बाजारातली तिझान, भारतातून आलेला काढा यांना आपण औषध समजतच नाही. घोटाळा नेमका येथेच होतो.

एकच औषध, अनेक नावे

पानादोल, दोलीप्रान, एफेराल्गान ही नावे आपल्या बेटावर लहान मुलालाही ठाऊक आहेत. या तिन्हींत मूळ औषध पॅरासिटामोलच आहे. अमेरिकेत याच औषधाला असेटॅमिनोफेन म्हणतात. तिकडून कुणी टायलेनॉलची बाटली पाठवली तर तीही तीच वस्तू. सर्दीच्या बऱ्याच पुड्यांत आणि दुखण्याच्या काही जोडगोळ्यांतही ते मिसळलेले असते.

हे औषध वाईट नाही. योग्य प्रमाणात घेतले तर ते अतिशय सुरक्षित औषधांपैकी एक आहे. निरोगी मोठ्या माणसाने २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर जाऊ नये, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या किंवा १००० मिलिग्रॅमच्या चार. ज्यांचे वजन ५० किलोपेक्षा कमी आहे, जे काही खात नाहीत, जे रोज दारू पितात किंवा ज्यांचे यकृत आधीच दुबळे आहे, त्यांची मर्यादा याहून कमी असते आणि ती डॉक्टरांना किंवा फार्मासीतील माणसाला विचारून ठरवावी.

मर्यादा ओलांडल्यावर यकृतात काय घडते, हे १९७३ साली अमेरिकेतील संशोधकांनी उलगडून दाखवले. आपण घेतलेल्या पॅरासिटामोलचा बराचसा भाग यकृत निरुपद्रवी करून लघवीवाटे बाहेर टाकते. थोड्या भागापासून मात्र एक विषारी पदार्थ तयार होतो. त्याला पकडून निकामी करण्यासाठी यकृताजवळ ग्लुटाथायोन नावाच्या द्रव्याचा साठा असतो. गोळ्या फार झाल्या की विष वाढते आणि साठा संपतो. उपाशी माणसाचा साठा तर आधीच कमी झालेला असतो. मग ते विष यकृताच्या पेशींनाच मारू लागते.

यात सर्वांत फसवी गोष्ट अशी की पहिल्या दिवशी माणसाला फारसे काही होत नाही. थोडी मळमळ होते, कधी तीही नसते. यकृताचे खरे नुकसान दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसू लागते. म्हणून घरात कुणी चुकून किंवा दुःखाच्या भरात जास्त गोळ्या घेतल्या असतील, तर "तो आता ठीक दिसतो आहे" म्हणून थांबू नये. त्याच घटकेला इस्पितळ गाठावे. त्याला रागावू नये, चार लोकांत बोलू नये. इस्पितळात त्याच्या यकृताची काळजी घेतात, तशी मनाचीही घेतात.

इस्पितळात काय करतात?

पहिला उपचार म्हणजे संशय असलेले औषध बंद करणे. हे ऐकायला साधे वाटते, पण कोणते औषध बंद करावयाचे हे कळण्यासाठी ते ठाऊक असावे लागते. म्हणूनच डॉक्टर पुन्हा पुन्हा तोच प्रश्न विचारतात.

त्याच वेळी रक्त तपासायला जाते. यकृताच्या पेशी फुटल्या की त्यांच्यातील एएलटी नावाचे द्रव्य रक्तात उतरते. निरोगी माणसात त्याचा आकडा साधारण ४० च्या आत असतो. मामांचा ५,००० च्या वर गेला होता. बिलिरुबिन वाढले की डोळे आणि कातडी पिवळी होते. पण डॉक्टर सर्वांत जास्त लक्ष ठेवतात ते रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेवर. रक्त गोठवणारी द्रव्ये यकृतच तयार करते. यकृत थकले की ती तयार होत नाहीत आणि ही वेळ लांबते. कावीळ व्हायरसमुळे तर नाही ना, पित्ताशयात खडा तर नाही ना, हेही तपासतात. औषधाने झालेली इजा ओळखण्याची अशी एकच एक खूण नाही. बाकीची कारणे बाजूला सारत सारत आणि रुग्णाने काय घेतले ते जुळवत जुळवत तिच्यापर्यंत पोहोचावे लागते.

पॅरासिटामोलवर मात्र उतारा आहे. त्याचे नाव एन-असेटिलसिस्टीन. यकृताचा संपलेला साठा भरून काढण्यासाठी लागणारा कच्चा माल ते पुरवते. कफ पातळ करण्यासाठीही हे औषध वापरतात. परंतु विषबाधेत ते बहुधा शिरेतून, वजनाच्या हिशेबाने द्यावे लागते, म्हणून त्याचा प्रयोग घरी करावयाचा नसतो. जुन्या रूढ पद्धतीत एकामागून एक तीन बाटल्या सुमारे २१ तास चालतात.

हा उतारा स्थिर करण्यात स्कॉटलंडमधील एडिंबरो येथील डॉ. लॉरी प्रेस्कॉट यांचा मोठा वाटा आहे. पॅरासिटामोलच्या अतिसेवनाने यकृत मरते, हे ब्रिटनमधील डॉक्टरांनी १९६६ साली प्रथम नोंदले होते. त्यानंतर १९७९ साली प्रेस्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १०० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. गोळ्या घेतल्यापासून १० तासांच्या आत ज्यांना उतारा मिळाला, अशा ६२ जणांपैकी फक्त एकाच्या यकृताला गंभीर इजा झाली. ज्यांना १० तासांनंतर मिळाला, अशा ३८ जणांपैकी २० जणांना झाली. औषध तेच आणि देणारे हातही तेच. फरक होता तो वेळेचा. जगातील इस्पितळे आजही हाच उतारा वापरतात.

मामांच्या बाबतीत ती वेळ टळून गेली होती. शिवाय त्यांनी एकदम नव्हे, थोडे थोडे करून चार दिवस घेतले होते. त्यामुळे रक्तात त्या औषधाचे प्रमाण फारसे उरले नव्हते. नुसत्या त्या आकड्यावरून कुणाला काही कळले नसते. डब्यामुळे कळले आणि त्याच संध्याकाळी बाटली लागली. उशिरा दिलेला उताराही फुकट जात नाही.

पुढचे दिवस राखणीचे असतात. यकृत शरीराचे साखरेचे कोठारही आहे, म्हणून रात्री-अपरात्रीसुद्धा बोटातून रक्त काढून साखर पाहतात. लघवीचे माप ठेवतात, कारण मूत्रपिंडालाही झळ पोहोचते. आणि रोज रुग्णाशी बोलतात. आज वार कोणता? हे गाव कोणते? येथे नाव लिहा. मामांना रोज सही करायला लावीत, तेव्हा त्यांना गंमत वाटे. परंतु ती गंमत नव्हती. यकृत निकामी होऊ लागले की रक्तातील दूषित द्रव्ये मेंदूपर्यंत जातात. माणूस दिवसा झोपतो, रात्री जागतो, बोलताना चुकतो, त्याचे अक्षर वाकडे होते. ही मोठ्या संकटाची पहिली सूचना असते. म्हणूनच अशा रुग्णाला झोपेची गोळी सहसा देत नाहीत. नातेवाइकांनी "बिचाऱ्याला झोप येत नाही, काहीतरी द्या" असा हट्ट धरू नये. उलट, "आज हे जरा वेगळे बोलत आहेत" असे दिसले तर लगेच परिचारिकेला सांगावे. घरच्या माणसाचे बोलणे घरच्यांइतके कोण ओळखणार?

काहींचे यकृत एवढ्यावर सावरत नाही. मग यकृत बदलण्याचा विचार करावा लागतो. असा विचार केव्हा करावा याच्या कसोट्या लंडनच्या किंग्ज कॉलेज इस्पितळातील डॉक्टरांनी १९८९ साली घालून दिल्या आणि त्या आजही जगभर वापरल्या जातात. त्यांत रक्त गोठण्याची वेळ, मूत्रपिंडाची अवस्था, रक्तातील आम्लता आणि शुद्धीची पातळी पाहतात. मोठ्या उपचारांसाठी आपल्याकडचे रुग्ण भारतात जातात, हे वाचकांना ठाऊकच आहे. असा प्रवास करावयाचा असेल तर रुग्ण शुद्धीवर असतानाच तो ठरवावा लागतो. म्हणून डॉक्टर लवकर हा विषय काढतात, तेव्हा त्यांनी आशा सोडली असे समजू नये.

खाण्याविषयी एक शब्द. कावीळ म्हटली की आपल्याकडे डाळ बंद, तेल बंद आणि माणूस भातावर. इस्पितळात उलट सांगतात की खाल्ले पाहिजे; थोडे थोडे पण वारंवार, आणि डाळ-दुधासह. यकृताला स्वतःला पुन्हा बांधावयाचे असते. ती शक्ती या अवयवात आहे, ही देवाची कृपा. पण बांधकामाला माल लागतो.

उतारा नसलेली इजा

पॅरासिटामोलची इजा प्रमाणावर अवलंबून असते. दुसऱ्या प्रकारची इजा तशी नसते. शेकडो लोक जे औषध सुखाने घेतात, तेच एखाद्याच्या यकृताला मानवत नाही. काही प्रतिजैविके, फेफऱ्याची औषधे आणि क्षयरोगाची औषधे यांत येतात. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट या नेहमीच्या प्रतिजैविकाची कावीळ तर गोळ्या संपल्यावर काही आठवड्यांनीही दिसू शकते. तेव्हा रुग्णाला ते औषध आठवतही नाही. म्हणून डॉक्टर "गेल्या दोन-तीन महिन्यांत काय घेतले?" असे विचारतात.

भारतात यांचा अनुभव मोठा आहे. तेथील अनेक इस्पितळांनी मिळून औषधांमुळे यकृताला इजा झालेल्या १,२८८ रुग्णांची माहिती २०२१ साली प्रसिद्ध केली. त्यांपैकी ४६ टक्क्यांहून अधिक जणांत कारण क्षयरोगाची औषधे हे होते. आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही ती तीन नावे. याचा अर्थ क्षयरोगाच्या माणसाने भिऊन गोळ्या टाकून द्याव्यात असा मुळीच नाही. क्षय न उपचारता ठेवला तर माणूस जातो आणि घरच्यांनाही तो लागतो. एएलटी नेहमीच्या मर्यादेच्या पाच पट झाले, किंवा मळमळ, कावीळ अशी लक्षणे असून तीन पट झाले, तर डॉक्टर ही औषधे थांबवतात. गरज पडल्यास मध्यंतरी यकृताला त्रास न देणारी दुसरी औषधे देतात. रक्त सुधारले की जुनी औषधे एकेक करून पुन्हा सुरू करतात आणि प्रत्येक पायरीला रक्त तपासतात. ज्या औषधाने आकडा पुन्हा चढतो ते कायमचे वगळतात. हे काम चिकाटीचे आहे आणि ते डॉक्टरांच्या नजरेखालीच व्हावे लागते.

अमेरिकेचे डॉ. हायमन झिमरमन यांनी आयुष्यभर हाच विषय अभ्यासला. औषधाने यकृताच्या पेशींना इजा होऊन कावीळही दिसू लागली, तर अशा दहा रुग्णांमागे सुमारे एक दगावतो, हे त्यांचे निरीक्षण डॉक्टर आजही मार्गदर्शक मानतात. म्हणून औषध चालू असताना डोळे पिवळे झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे.

झाडपाला म्हणजे निर्धोक नव्हे

आपल्या आजा-आजीने पाल्याचे पाणी पिऊन दिवस काढले, त्यांचा अनादर करावयाचा नाही. पण पोर्ट लुईच्या बाजारातील तिझान असो की भारतातून आलेला काढा, यकृताच्या दृष्टीने तेही औषधच आहे. वर सांगितलेल्या १,२८८ रुग्णांपैकी सुमारे १४ टक्के जणांत कारण आयुर्वेदिक, वनौषधी व तत्सम औषधे हे होते.

मुंबईचे उदाहरण तर ताजे आहे. करोनाच्या साथीत २०२० साली लोक प्रतिकारशक्तीसाठी गुळवेलीचा काढा पिऊ लागले. तेथील डॉक्टरांनी त्या वर्षअखेरच्या चार महिन्यांत गुळवेल घेणारे सहा रुग्ण यकृताच्या इजेसह पाहिले आणि २०२१ साली ते प्रसिद्ध केले. भारताच्या आयुष मंत्रालयाने या निष्कर्षाला आक्षेप घेतला. पुढे इतर शहरांतील इस्पितळांतूनही असे रुग्ण नोंदले गेले. वाद विद्वानांनी करावा. आपण इतकेच करावे की काढा घेत असू तर डॉक्टरांना तसे सांगावे. लाजू नये. डॉक्टर रागावतील म्हणून लपवलेला काढा डॉक्टरांच्या रागापेक्षा जास्त महाग पडतो.

आपण काय करावे?

मामा नऊ दिवस इस्पितळात राहिले. विसर्जन झाले तेव्हा ते खाटेवर होते आणि त्यांनी बांधलेले मखर त्यांनी फोनवर पाहिले. आज ते बरे आहेत. यकृताने स्वतःला सावरले. दाढही काढली.

त्यांच्या घरचा डबा आजही कपाटावर आहे, पण त्याची रीत बदलली आहे. ती येथे देतो, म्हणजे ज्यांना हवी ते घेतील.

प्रत्येक पाकिटावर व्यापारी नावाखाली बारीक अक्षरांत औषधाचे खरे नाव असते. नातवाने ते वाचून प्रत्येक पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे. एकच नाव असलेली पाकिटे एकत्र बांधली आहेत आणि त्यांतले एका वेळी एकच वापरावयाचे असे ठरले आहे. कुणी गोळी घेतली की डब्याच्या झाकणातील वहीत वेळ आणि किती ते लिहितो. मुदत संपलेल्या गोळ्या फार्मासीत नेऊन दिल्या.

दुखणे तीन दिवसांत थांबले नाही तर गोळी वाढवावयाची नाही, डॉक्टरकडे जावयाचे. औषध चालू असताना अन्नावरची वासना गेली, उलट्या झाल्या, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली किंवा डोळे पिवळे झाले, तर इस्पितळ. आपल्या सरकारी इस्पितळांत उपचाराला पैसे पडत नाहीत, तेव्हा खर्चाची सबब नाही. माणूस गुंगीत असेल किंवा असंबद्ध बोलत असेल तर ११४ या क्रमांकावर सामूला बोलवावे.

आणि इस्पितळात जाताना कपडे, टॉवेल विसरले तरी चालेल, पण डबा विसरू नये. गोळ्या, पुड्या, बाटल्या, काढे, तिझानची पुडी, सारे पिशवीत घालून न्यावे आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवावे. त्यांनी तिसऱ्यांदा विचारले तरी तिसऱ्यांदा सांगावे.

मामी आता हे सर्वांना सांगतात. परवा हळदीकुंकवाला बायका जमल्या होत्या, तेव्हा कुणीतरी पाय दुखतो म्हणून गोळी मागितली. मामींनी डबा उतरवला, पण उघडण्यापूर्वी तिला विचारले, "सकाळपासून काय काय घेतलेस, ते आधी सांग."